समोरून बघा!

गंगापूर तालुक्यात पैसा तीन वाटांनी येतो. ऊस कारखान्याला गेला की, लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याला भाव लागला की, नाहीतर वाळूजकडची जमीन कंपनीला किंवा रस्त्याला गेली की. पहिल्या दोन वाटांचा पैसा सोसायटीच्या कर्जात आणि लेकीच्या लग्नात जिरून जातो. तिसऱ्या वाटेचा पैसा एकदम येतो आणि तो आला की आबा बंगला काढतात.

आबा एकटे नाहीत, दर चार गावांआड एक सापडतो. ओळखायचं कसं? रस्त्याच्या बाजूला बंगल्याला गोल खांब, काचेचं रेलिंग, ग्रॅनाईटच्या पायऱ्या आणि रात्री रंग बदलणारे दिवे. मागं जाऊन पाहिलं तर उघड्या लाल विटा, गिलाव्याचा पत्ता नाही. विचारलं तर आबा दंडाला धरून आपल्याला पुन्हा रस्त्यावर आणतात. "तिकडं कामून गेले? समोरून बघा, समोरून!"

इंजिनिअर नकाशा घेऊन येतो, तेव्हा आबा तो न उलगडताच बाजूला ठेवतात आणि मोबाइल पुढं करतात. पडद्यावर थांबवून ठेवलेला सिनेमा असतो.

"हा जिना पायजे."

"आबा, हा दोन्ही बाजूंनी वर जातो. वर तुमच्या खोल्या दोनच हायेत."

"असू द्या. सून वरून खाली उतरताना दिसली पायजे."

"सूनबाई पुण्याला राहतात ना?"

"मग दिवाळीला यील का नाही?"

जिना होतो. त्याच्यासाठी दुमजली उंचीचा हॉल होतो, हॉलसाठी झुंबर येतं. झुंबराचा बल्ब गेला की तो बदलायला परांची बांधावी लागते, म्हणून झुंबर फक्त पाहुणे आल्यावर लागतं.

आबांची खरी शाळा म्हणजे जत्रेतली टूरिंग टॉकीज. तंबूत मातीवर बसून त्यांनी कैक हवेल्या पाहिल्या, त्या सगळ्या समोरून. हवेलीत सांडपाणी कुठून जातं, हे कुठल्याच हिरोनं त्यांना दाखवलं नाही.

सेट लावणाऱ्यांना मात्र आपण काय करतोय याचा पक्का अंदाज असतो. ते प्लायवुडच्या भिंती मागून लाकडी टेकू देऊन उभ्या करतात, वरून दिवे सोडता यावेत म्हणून छत टाकत नाहीत, कॅमेरा आत घ्यायचा असेल तर अख्खी भिंत सरकवतात आणि जेवढं फ्रेममध्ये येतं तेवढंच रंगवतात. 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभारायला दोन वर्षं लागली, पण त्यात कुणी संसार मांडणार नव्हतं. 'देवदास'चे डोळे दिपवणारे महाल उभे करणाऱ्या नितीन देसाईंनी 2005 साली कर्जतला स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथल्या किल्ल्या-महालांना मागून टेकू आहेत, हे बघायला येणाऱ्यालाही ठाऊक असतं. आबांच्या सेटला मात्र ग्रामपंचायतीची घरपट्टी लागते.

गंमत अशी की सिनेमावाले खऱ्या घरासाठी वणवण करतात. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, 'स्वदेस'चं चित्रीकरण त्याच गावात झालं. आबांकडंही आजोबांचं माळवदाचं घर होतं. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं, वैशाखातही आत गारवा. आबांनी ते जेसीबी लावून दोन तासांत पाडलं, कारण ते फोटोत "पडीक" दिसायचं. आता नव्या हॉलच्या मोठमोठ्या काचांतून ऊन थेट सोफ्यावर येऊन बसतं आणि माणसं उठून बाहेर लिंबाखाली जातात.

काकूंनी सगळ्या बांधकामात एकच गोष्ट मागितली होती, भांडी घासायला मोरी. एलेव्हेशन बिघडतं म्हणून ती राहून गेली. काकूंनी मग वाद न घालता मागं पत्र्याचं शेड ठोकून घेतलं. तिथं चूल मांडली, रांजण ठेवला, बाज टाकली. हळूहळू आबांचं जेवण तिकडं गेलं, मग दुपारची झोप, मग टीव्ही. बंगल्यात सकाळ-संध्याकाळ फक्त फरशी पुसायला जायचं. पुढं कारंजंही आहे. ते वास्तुशांतीला टँकर मागवून एकदा उडवलं. त्याच टँकरवर आठवडा काढणारी गल्ली ते बघायला जमली होती.

यंदा कांद्याचा भाव पडला. माल विकवेना आणि कांदा साठवायची चाळ बांधायची राहिली होती. काकूंनी आबांना विचारलं नाही, थेट गड्याला सांगितलं. आता हॉलमध्ये झुंबराखाली छातीएवढा कांद्याचा ढीग आहे, सोफा भिंतीकडं सरकवलाय, वारा लागावा म्हणून काचा उघड्या आहेत. एवढ्या उंच, मोकळ्या जागेत कांदा छान टिकतो म्हणतात. पहिल्यांदाच त्या हॉलचा कुणाला तरी उपयोग झाला. आबा तेवढे नाराज आहेत. पाहुणे आले की ते पडदा ओढून घेतात आणि त्यांना पायऱ्यांवरच बसवतात.

बंगला झकास झालाय यात वाद नाही, फक्त त्यात राहायला कुणी तयार नाही. तुम्ही घर काढत असाल, तर नकाशा आधी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दाखवा. मोरी कुठं, धान्य कुठं, चपला कुठं, हे ती दोन मिनिटांत सांगेल. खांब गोल हवेत की चौकोनी, ते मग रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही विचारा.