बॅगेला चाकं फुटली तेव्हा

माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली आणि बॅगेला चाकं लावण्याचं पेटंट निघालं १९७२ साली. हा क्रम बघून लोक हसतात. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. चाक हजारो वर्षं ठाऊक होतं, बॅगाही होत्या; पण ज्याची बॅग असे, त्याच्या हातात ती क्वचितच असे. ती हमालाच्या डोक्यावर असे. आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करायची युक्ती सुचायला आपल्याला नेहमीच जरा उशीर होतो.

अमेरिकेत विमानतळ ऐसपैस झाले, हमाल दिसेनासे झाले, तेव्हा कुठे बर्नार्ड सॅडो या गृहस्थांनी सुटकेसला चार चाकं आणि ओढायला पट्टा लावला. दुकानदारांनी नाकं मुरडली. पुरुषासारखा पुरुष बॅग ओढत नेईल होय? शिवाय ती आडवी बॅग वळणावर डगमगायची. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ यांनी बॅग उभी केली, दोन चाकं ठेवली आणि आत सरकणारा दांडा बसवला. प्लाथ वैमानिक होते. म्हणजे स्वतःची बॅग स्वतः नेणारे. सुधारणा अशाच माणसाला सुचते.

आपल्याकडे लोखंडी ट्रंक आणि होल्डॉल यांचं राज्य होतं. होल्डॉलमध्ये गादी, चादरी, उशी आणि ऐनवेळी आठवलेलं सगळं मावे. पट्टे आवळताना मात्र घरातलं एक पोर त्यावर बसवावं लागे. मग नाशिकच्या कारखान्यांतून साच्यातल्या टणक बॅगा निघू लागल्या आणि फलाटावर बसायची सोय झाली. आता चार चाकांची बॅग आली आहे. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती बोटाच्या इशाऱ्यावर चालते. एसटी स्टँडच्या खड्ड्यांशी गाठ पडली की तीच बॅग कडेवर घ्यावी लागते, हट्टी पोरासारखी.

कपडे न चुरगळता नेणारी लांब बॅगही तशीच. आत हँगर, आडवा पट्टा, घडीच्या जागी मऊ गुंडाळी. सगळी रचना कोटाच्या खांद्यांची काळजी घेणारी. पैठणीला खांदे नाहीत. तिला टांगून ठेवलं तर जरीच्या वजनाने कापड ताणतं, एकाच घडीत ठेवलं तर जर तिथेच मोडते. तिला हवं मलमलीचं फडकं आणि अधूनमधून घडी बदलणारे हात. त्यांचं पेटंट घ्यायचं अजून कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

सध्याचा ध्यास हलकेपणाचा आहे. पॉलिकार्बोनेटचं पातळ कवच, चौकटीऐवजी चेन, पोकळ दांडा. बॅगेचं वजन एक किलोने उतरवायला अभियंते जिवाचं रान करतात. विमान कंपनीची १५ किलोंची मर्यादा तशीच असते, त्यामुळे वाचलेला तो किलो कुणाचा, हा प्रश्न घरात उपस्थित होतो आणि थालीपीठाच्या भाजणीच्या बाजूने निकाल लागतो. वजनकाट्यावर आकडा पूर्वीचाच. अभियंत्यांनी उमेद सोडू नये. आणखी पाव किलो वाचला, तर मेतकुटाचीही सोय होईल.