चालत? मुलांना घेऊन?

ठाण्यात सकाळी दोन मुलांचे हात धरून रस्त्यानं चाललेली बाई दिसली की लोकांना पहिली शंका येते ती गाडीची. "बिघडली का?" सर्व्हिसिंगला दिलीय म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं. पण गाडी ठणठणीत आहे, खाली उभी आहे आणि तरी आम्ही चालतोय, असं खरं सांगितलं की समोरचा माणूस गंभीर होतो. आवाज खाली येतो. "घरी सगळं ठीक ना?" आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर माझ्या नवऱ्याला लिफ्टमध्ये गाठून त्याची नोकरी शाबूत आहे का, याची चौकशी केली. आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "लपवू नका हो," ते म्हणाले, "आमच्या जावयाचंही असंच झालं होतं." आणि आपला मजला आल्यावरही दार हातानं अडवून धरत त्यांनी एका ओळखीच्या माणसाचा नंबर दिला.

आता खरं सांगायचं तर आम्ही काही पर्यावरणासाठी चालायला लागलो नाही. पर्यावरण नंतर सुचलं, लोकांना सांगायला. मूळ कारण पार्किंग. आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या एकीपुढे एक लागतात. आमची भिंतीला चिकटून, तिच्यापुढे दुसऱ्या मजल्यावरच्यांची. मला गाडी काढायची असते त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरचे आंघोळीला गेलेले असतात. कुठल्याही वेळी. इंटरकॉम केला की त्यांच्या सौ. सांगतात, "आत्ताच साबण लावलाय." किल्ली वॉचमनकडे ठेवायची ठरलं होतं, पण किल्ली असलेला वॉचमन पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला गच्चीवर असतो. एवढं होऊन गाडी रस्त्याला लागली, की पाचपाखाडीतून तीन पेट्रोल पंप, मग हरिनिवासचा चौक, आणि नौपाड्यात शिरावं तर एक गल्ली वन-वे आणि दुसरीत भाजीचा टेम्पो. शाळेच्या दारात उभं राहता येत नाही, म्हणून गाडी लांब घंटाळीच्या बाजूला लावायची आणि तिथून मुलांना चालवत आणायचं. म्हणजे चालणं होतंच. फक्त त्याआधी अर्धा तास गाडीत बसण्याची शिक्षा भोगावी लागायची.

या गर्दीला सरकारचाही थोडा हातभार आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारनं २०२४च्या फेब्रुवारीत काढला. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. हेतू थोर आहे. आमच्या धाकट्यानं सकाळी मिळालेला जादा वेळ ताबडतोब रात्रीकडे वळवला, आणि आता तो पूर्वीइतकाच पेंगत उठतो, पण उशिरा. रस्त्यावर मात्र फरक पडला. पूर्वी सातच्या शाळेची वाहनं निघून गेल्यावर ऑफिसच्या गाड्या निघायच्या. आता सगळे एकाच वेळी निघतात आणि हरिनिवासला एकमेकांना भेटतात.

शाळेच्या दाराशी काय चालतं ते एकदा पायी जाऊन बघण्यासारखं आहे. एका आईनं गाडीची काच खाली करून मला फार काळजीनं सांगितलं, "तुमचं धाडस आहे हं. इथे इतक्या गाड्या असतात, मला तर पोराला चालत सोडायची भीतीच वाटते." तिची गाडी तेव्हा झेब्रा क्रॉसिंगवर आडवी उभी होती. मी आणि मुलं तिला वळसा घालून गेलो.

शिक्षण हक्काचा कायदा २००९चा. त्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. आमची आहे. गूगल म्हणतं, बारा मिनिटं. पण कायदा करणाऱ्यांनी आणि गूगलनं ते अंतर पहिलीतल्या मुलाचा हात धरून कापलेलं नाही. आमचा धाकटा रस्त्याच्या लांबीनं चालत नाही, रुंदीनं चालतो. गटाराच्या प्रत्येक झाकणावर दोन्ही पाय ठेवायचेच असतात, आणि एखादं चुकलं तर मागे येऊन ठेवायचे असतात. बुटका कठडा दिसला की त्यावरून जायचं. कुत्री मोजायची. काल होतं ते कुत्रं आज नसेल तर ते कुठे गेलं, याचा तपास लागल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. थोरली तिसरीत आहे, म्हणजे तिच्या मते मोठी आहे. ती दहा पावलं पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि आम्ही दोघं पोचलो की उसासा टाकते. हा उसासा माझाच आहे. तिनं कधी उचलला मला कळलं नाही.

गाडीत मुलं प्रश्न विचारतात, पण गाडीत गाणी लावता येतात. रस्त्यावर सुटका नाही. विजेच्या डीपीवर कवटी आणि दोन हाडं असतात. "हा कोण?" धाकट्यानं विचारलं. कोणी नाही, धोका आहे असं सांगायला काढलंय. "पण हा कोण होता?" कोणी नव्हता रे. "यानं हात लावला होता का?" मी कंटाळून हो म्हटलं. तेव्हापासून तो त्या डीपीपाशी आला की क्षणभर थांबतो आणि नमस्कार करतो. त्याचं बघून शेजारच्या इस्त्रीवाल्याची मुलगीही करायला लागली आहे. अजून दोन-चार पोरं मिळाली तर तिथे नारळ फुटायला लागेल आणि मग महावितरणलाही ती पेटी हलवता येणार नाही.

याच रस्त्यानं त्याला वाचायलाही शिकवलं. जोडाक्षरांचं पुस्तक तो उघडत नव्हता, पण फ्लेक्स? फ्लेक्स तो एकही सोडत नाही. आणि निवडणुकीच्या आसपास ठाण्यात खांब दिसत नाहीत, फ्लेक्स दिसतात. "भा-वी न-ग-र-से-व-क. आई, भावी म्हणजे?" पुढे होणार असलेले. "मग अजून झाले नाहीत?" नाही. "मग अभिनंदन कशाचं?" मागून येणाऱ्या एका गृहस्थांना जोराचा खोकला आला. शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगेत आमचा इस्त्रीवाला सापडला तेव्हा तर धाकट्याच्या आनंदाला पार राहिला नाही. आपल्या ओळखीचा माणूस इतका मोठा असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. मात्र सगळे फ्लेक्स एकाच प्रसंगाचे नसतात, हा बारकावा माझ्याकडून सांगायचा राहिला. सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्यानं रंगीत खडूंनी स्वतः कार्ड केलं, भोवती झेंडूचा हार काढला आणि मधोमध एकही चूक न करता लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यातल्या त्यात अवघड शब्द त्यानं निवडला होता. सासऱ्यांनी ते मोठ्या मनानं कपाटाच्या दाराला चिकटवलं. सासूबाई अजून त्या कपाटाकडे पाठ करून बसतात.

दप्तराचंही धोरण आहे. २०२०च्या केंद्राच्या धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. धाकटा वीस किलोचा, म्हणजे त्याला दोन किलो. त्यातली एक लिटर पाण्याची बाटली एक किलो झाली. डबा, कंपास, पाट्या-वह्या आणि वाटेत गोळा केलेले दगड उरलेल्या किलोत बसवायचे. दगड धोरणात धरलेले नाहीत. घराच्या फाटकापर्यंत दप्तर त्याच्या पाठीवर असतं. फाटकाबाहेर ते माझ्या खांद्यावर येतं, पुढच्या वळणावर थोरलीचंही येतं. आईनं स्वतःच्या वजनाच्या किती टक्के उचलावं, याबद्दल केंद्र आणि राज्य दोघंही गप्प आहेत.

फूटपाथबद्दल मात्र सगळं लिहून ठेवलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, १९३४ पासून. सासऱ्यांना हा पक्षातून फुटलेला गट वाटला आणि यांचा नेता कोण, हे ते बराच वेळ विचारत होते. या संस्थेनं पादचाऱ्यांसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फूटपाथवर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको, असं सांगितलं आहे. आमच्या वाटेवरच्या एका फूटपाथवर चढायला धाकट्याला गुडघा टेकावा लागतो. वर गेल्यावर मोकळी जागा आहे, पण सलग नाही. आधी एक झाड, मग डीपी, मग कोणाचीतरी स्कूटर, मग चहाची टपरी, आणि टपरीसमोर चहा पिणारे लोक, जे मुलं बघून "या, या, जा" म्हणत पोट आत घेतात. म्हणजे १.८ मीटरची जागा पोटापोटातून काढावी लागते. तिथून उतरून रस्त्यानं चाललं तर मागून हॉर्न वाजतो आणि कोणीतरी ओरडतं, "मॅडम, फूटपाथ कशाला दिलाय?"

पुणेकर या बाबतीत पुढे आहेत, असं पुण्याची नणंद सांगते. तिथल्या महापालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो, रांगोळ्या काढतात, लोक मधोमध चालतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. ऐकून फार बरं वाटलं. बैलालाही पोळ्याला असंच वाटत असणार. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा औत.

आमच्या सोसायटीत मात्र मी थोडा वेगळा प्रयत्न केला. 'चालती बस' ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकात मांडली आणि पुढे बऱ्याच देशांत लोकांनी उचलली. मोठं माणूस एक पुढे, एक मागे, मधे रांगेत मुलं. ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. इंजिन नाही, पेट्रोल नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकलं आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. वेगळा ग्रुप निघाला. नावावर चर्चा झाली, 'चालती बस' हे फार साधं वाटतं म्हणून 'लिटल वॉरियर्स' असं ठरलं. टी-शर्टचे दर मागवले. टी-शर्टवर सोसायटीचं नाव असावं की नसावं यावरून सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यातलं जुनं भांडण वर आलं. एका बाबांनी विचारलं, महिन्याचे किती घेणार? काही नाही म्हटल्यावर त्यांना यात काहीतरी गोम आहे असं वाटलं आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले. दुसऱ्या एका आईनं विचारलं, बस पाच मिनिटं थांबेल का, आमच्याकडे अजून दूध प्यायचं असतं.

शेवटी चालायला आला एकच मुलगा, समोरच्या बिल्डिंगमधला. त्याची आई त्याला आमच्या गेटपर्यंत गाडीनं आणून सोडते. रस्ता ओलांडायला नको म्हणून. आणि तिला काळजी वाटते, म्हणून ती मागून येते. गाडीतूनच. आमच्या वेगानं. म्हणजे पुढे थोरली, मग धाकटा आणि तो मुलगा गटाराच्या झाकणांवर, मग मी तीन दप्तरं घेऊन, माझ्यामागे ताशी दोन किलोमीटर वेगानं, चारही इंडिकेटर लुकलुकवत येणारी एक पांढरी एसयूव्ही, आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणारं अर्धं पाचपाखाडी. ठाण्यातली वाहतूक सुधारण्यात माझा वाटा आहे, असं मी आता कुठे बोलत नाही.

जपानात म्हणे पहिलीतली मुलं पिवळ्या टोप्या घालून, वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर गटानं चालत शाळेत जातात. टोपी गाडीवाल्यांना लांबून दिसावी म्हणून. हे नवऱ्यानं जेवताना सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पिवळी लोकर आणली. लोकर. ठाण्यात, जूनमध्ये. टोपी कानांवरून खाली येते आणि तिला गोंडा आहे. पहिल्या पावसात ती इतकं पाणी प्यायली की दप्तराच्या धोरणात तिचाही हिशेब धरावा लागला. तसं पावसाळ्याचं मला फार सांगायचं नाही. शाळा उघडते तेव्हाच पाऊस उघडायचं नाव घेत नाही, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. गमबूट पाणी आत येऊ देत नाहीत हे खरं, पण एकदा वरून गेलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाहीत, आणि धाकटा ते पाणी दिवसभर जपतो. त्यात एकदा बेडकाचं पिल्लू होतं.

या सगळ्यात मुलांच्या तब्येतीला फायदा होतो, असं मी सगळ्यांना सांगत असते. नवऱ्यालाही तेच सांगून गप्प केलंय. परवा पालकसभेत बाईंनी मला थांबवून घेतलं. धाकटा अभ्यासात बरा आहे, म्हणाल्या, वाचन तर छानच, पण पीटीच्या तासाला तो झाडाखाली बसून असतो. उठ म्हटलं तर उठत नाही. माझं झालंय, मी घरूनच करून येतो, असं सांगतो, आणि आता त्याच्या शेजारी समोरच्या बिल्डिंगमधला तो मुलगाही बसायला लागला आहे. मी खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात तिथून पीटीचे सर चालले होते, बाईंनी त्यांनाही बोलावलं. सरांनी अनपेक्षितपणे धाकट्याची बाजू घेतली. बसू दे त्याला, म्हणाले, चालण्यासारखा दुसरा व्यायाम नाही, हल्ली लोकांना दोन पावलं चालायला नको. त्यांना निघायची घाई होती, हेल्मेट हातातच होतं. मी विचारलं, सर, राहायला लांब असता का?

"नाही हो," सर म्हणाले, "ही काय, शाळेच्या मागचीच गल्ली."