टोचन

आमची मारुती ८०० काचेवानीजवळ बंद पडली तेव्हा मी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघायचं, एखादी वायर हलवायची आणि 'हं' म्हणायचं, एवढं मोटारीतलं मला येतं. त्या दिवशी मी तीनदा 'हं' म्हणालो. मग गाडी एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात ढकलून ठेवली आणि पॅसेंजरनं तिरोड्याला घरी आलो.

ही गोष्ट २०११ च्या दिवाळीनंतरची. क्रेनवाल्यानं सांगितलेल्या आकड्यात आमच्या घरी महिनाभराचा किराणा आला असता, तेव्हा मेहुण्याच्या ट्रॅक्टरला बांधून गाडी टोचन करायची ठरली. धानकापणी चालू होती, ट्रॅक्टरला जेमतेम दोन तासांची उसंत. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दोर तेवढा तुम्ही पाहा." एवढ्याशा जबाबदारीनं मी फुगलो.

आधी मी अभ्यास केला. अभ्यास करणं हा माझा जुना दोष आहे. अमेरिकेत म्हणे लोक घराएवढ्या मोटारीच्या मागे छोटी मोटार चारही चाकांवर ओढत गावोगाव हिंडतात. त्यासाठी लोखंडी टो-बार, तो अडकवायला गाडीच्या सांगाड्याला बसवलेली पट्टी, मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून वेगळं यंत्र, असा सगळा थाट. त्या थाटाच्या किमतीत आमची मारुती आली असती, वर स्टेपनीसकट. मी वही मिटली आणि पिशवी घेऊन बाजारात गेलो.

"दोर पाहिजे, ओढायला."

"बैल का म्हैस, जी?"

"मारुती."

दुकानदारानं साखळी दाखवली. साखळी तुटत नाही, पण तिला लवचीकपणा नसतो, झटका बसला की सगळा मार गाडीच्या हुकावर, असं मी वाचून आलो होतो आणि ते मी त्याला ऐकवलं. त्यानं तारेचा दोर दाखवला. तारेच्या कुसळांनी हात सोलतात, हेही ऐकवलं. शेवटी तो नायलॉनवर आला. नायलॉन ताणलं जातं, झटका पोटात घेतं, आणि मुख्य म्हणजे किलोवर मिळतं. जाड दोर घेतला तर किलोत फार थोडा येत होता. माझ्या मनानं लगेच हिशोब मांडला, की गाडी रिकामी साडेसहाशे किलोची, पण चाकांवर असल्यानं सगळं वजन थोडंच ओढायचंय; तेव्हा बारीक दोर घेऊ, दुहेरी करू, आणि उरलेला बायको कपडे वाळत घालायला वापरील. दोन किलो दोर, दोन हूक. दुकानदार म्हणाला, "मारुतीले भारी होते हा दोर." मी ती स्तुती समजलो.

राहिला कायदा. तेव्हा लागू असलेल्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. तिरोडा तालुक्यात हा नियम पाळणारा मी पहिलाच असेन. घरात एक पांढरा पुठ्ठा सापडला. मी पट्टीनं मोजून अक्षरं काढली आणि काचेवानीला पोचल्यावर दोर बांधून पुठ्ठा सुतळीनं डिकीला टांगला.

मेहुण्यानं क्लच सोडला. ट्रॅक्टर निघाला, दोर लांबला, आणखी लांबला, मी जागेवरच. आणि मग त्या दोराला एकदम माझी आठवण आली. डोकं मागे सीटवर आपटलं. झटका पोटात घेतल्यावर नायलॉन तो सव्याज परत करतं, हे माझ्या वहीत नव्हतं. दोर सैल पडू द्यायचा नाही, त्यासाठी मागच्यानं हलका ब्रेक लावत राहायचं, हे मेहुणा ओरडून सांगत होता. पण इंजीन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, त्यामुळे माझा हलका ब्रेक लागतच नव्हता आणि जोराचा लागला की कपाळ स्टिअरिंगवर जात होतं. असे आम्ही ताशी बारानं निघालो.

लोक मात्र फार प्रेमानं बघत होते. सायकलवरची पोरं मागून येत, गाडीत डोकावत आणि खो खो हसत पुढे जात. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. धानाच्या भाऱ्यावर बसलेल्या एका बाईनं तर विचारलं, "नवरी कुठं हाय जी?" मला वाटलं, कपाळावरच्या टेंगळामुळे मला ऐकू कमी येतंय.

गॅरेज आमच्या गल्लीच्या पलीकडेच. तिरोड्यात शिरलो तेव्हा बायको दारात उभी होती. ट्रॅक्टर पुढे गेला, मारुती पुढे गेली, आणि मग तिला मागचा पुठ्ठा दिसला. वाऱ्यानं तो केव्हाच उलटा झाला होता. मागच्या बाजूला, गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या वरातीच्या गाडीसाठी मीच रंगवलेलं, वेलबुट्टीसकट, 'शुभविवाह'.

ती म्हणाली, "एकटेच आलात?"