डबल शॉकअप

अहो वहिनी, थांबा जरा, गेट लावू नका. काल सायकलच्या दुकानातून रिकाम्या हातानं परत आलात म्हणे? ह्यांनी गॅलरीतून पाहिलं, तुमचा धाकटा पायरीवर गाल फुगवून बसला होता. डबल शॉकअपचीच हवी म्हणतोय ना? वाटलंच मला. कोपऱ्यावरच्या बंगल्यात ती आली आणि सेक्टरमधल्या एकूण एक पोराला तीच हवीशी झाली.

तुम्ही ती जवळून पाहिलीय का? मी पाहिलीय. मधोमध ही एवढी लालभडक स्प्रिंग. गणपतीच्या मीटिंगला बंगल्यातला तो पोरगा ती घेऊनच आला होता. आमच्या ह्यांची उभी नोकरी शॉकअपच्या लाइनवर गेली, मग काय, राहवतंय थोडंच! वर्गणीचा विषय तिथंच राहिला. ह्यांनी सीटवर तळहात ठेवून जोरात दाबलं आणि सोडलं. सायकल वर आली, खाली गेली, परत वर आली. "आत तेलच नाहीये हिच्या," म्हणाले. मी म्हटलं, अहो, चारचौघांत असं बोलतात का! पण खरं तेच होतं हो. स्प्रिंग धक्का गिळते ती तेवढ्यापुरती, लगेच परत फेकते. तो जिरवायचं काम तेलाचं. बारीक भोकांतून तेल दाबून जातं, तापतं, आणि धक्का तिथंच मरतो. मोटारसायकलला दोन्ही असतं, म्हणून खड्ड्यातून गेली की ती एकदा दबते आणि गप्प होते. पंधरा-सोळा हजारांच्या सायकलीत मागं असं तेलाचं नळकांडं बसवणं परवडणारच नाही कुणाला. मग नुसती स्प्रिंग लावायची आणि तिला भडक रंग द्यायचा.

आणि चढ आला की बघा मजा. पेडल मारलं की बराच जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. वजन वेगळंच. तो कोपऱ्यावरचा पोरगा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेला होता ना मित्रांबरोबर, वर मंदिरापर्यंतचा सगळा चढ हातात धरून ढकलत नेली. त्याच्या आईनंच सांगितलं, पण माझं नाव घेऊ नका.

नाही नाही, डबल सस्पेन्शन वाईट असं नाही म्हणत मी. चांगली असते, पण ती लाखाच्या पुढं. तिच्या मागच्या सांध्यांत बेअरिंग असतात, पावसाळ्यात चिखल गेला की ती उघडून साफ करायची, नाहीतर कुरकुर सुरू. डोंगरावरून दगडधोंड्यांतून सुसाट खाली यायचा ज्यांना नाद आहे त्यांच्यासाठी ती. अमेरिकेत माउंटन बायकिंगची सुरुवातच तशी झाली म्हणे. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस म्हणून डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली पोरं जुन्या जाडजूड सायकली वर न्यायची आणि कच्च्या रस्त्यानं खाली सोडायची. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, दर खेपेला नवीन भरावं लागायचं. १९७६ पासून त्याच भागात शर्यतच लागायला लागली, तिचं नावही 'रिपॅक'. आणि १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंग गेलं की! हे मला मुलानं सांगितलं. ह्यांना फक्त ग्रीसचा भाग आवडला.

तुमच्या धाकट्याला हार्डटेल घ्या. म्हणजे मागं काही नाही, पुढं फोर्कला तेवढं सस्पेन्शन, शंभर मिलीमीटरचं भरपूर झालं. फोर्कच्या वर लॉक आहे का बघा. डांबरी रस्त्यावर आणि चढाला तो फिरवला की पुढची उसळी बंद. हवेवर चालणारा फोर्क बसतोय का बजेटात? मग फारच छान, वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. ह्यांनी आमच्याकडच्या फोर्कच्या नळीवर एक रबराचं कडं चढवलंय. मुलाला हळूच सीटवर बसवायचं, उतरवायचं आणि कडं किती सरकलं ते पट्टीनं मोजायचं. शंभरातलं वीस-पंचवीस मिलीमीटर सरकलं की हवा बरोबर. जेवायच्या वेळी चालतं हे सगळं, पोळ्या गार होतात.

चाकाचं म्हणताय? एकोणतीस इंची चाक दगडावरून सहज जातं, पण तुमचा धाकटा अजून बुटका आहे. साडेसत्तावीस बघा. इंचांपेक्षा आधी त्याला सायकलच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभा करा. मध्ये दोन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. वाढेल म्हणून शाळेच्या चपलेसारखी मोठी घेऊ नका हो, उतारावर पाय टेकला नाही तर दात जातील.

ब्रेक मात्र डिस्कच. आपल्याकडची ती काळी माती, पावसात टायरला लगदा होऊन चिकटते आणि रिमवरच्या ब्रेकमध्ये जाऊन बसते. चाकच फिरत नाही. डिस्क मधोमध असते, तिथवर चिखल कमी पोचतो. तेलाचा ब्रेक एका बोटानं लागतो. तारेचा सारखा आवळावा लागतो, पण तो नाक्यावरचा आपला सायकलवालाही आवळून देतो. तेलाच्यासाठी मोठ्या दुकानात जावं लागतं. मी तरी तेलाचाच घेईन.

ती जाड्या टायरची? फॅट बाइक? चार इंची टायर बर्फात-वाळूत रुतू नये म्हणून असतं. आपल्याकडं कुठाय बर्फ? मुरमाला सव्वादोन इंची पुष्कळ.

पण वहिनी, खरा शत्रू बाभळीचा काटा. त्याच्यापुढं लाखाची आणि पंधरा हजारांची सायकल सारखीच. ट्यूबमध्ये ते पांढरं पातळ औषध भरून घ्या, छोटं भोक आपोआप बुजतं. आणि व्हॉल्व्ह जाड आहे ना, मोटारसायकलचा असतो तसा, ते बघा. बारीक व्हॉल्व्ह असला की नाक्यावरचा पंक्चरवाला नुसता डोकं खाजवतो. हवा पण त्याला ठोकून भरू देऊ नका, कच्च्या रस्त्यावर तीस पीएसआयच्या आसपास बास. टायर मऊ असला की दगडाला धरतो, शॉकअपचं निम्मं काम तोच करतो.

फिरायला कुठं पाठवणार? चाकण-तळेगाव रस्त्यानं मुळीच नको, त्या ट्रेलर-कंटेनरांच्या गर्दीत कसलं आलंय माउंटन बायकिंग. पहाटे देहूवरून नदी ओलांडायची आणि आतल्या रस्त्यानं भंडारा गाठायचा. माघ दशमीला तेवढं नको, तेव्हा वारकऱ्यांनी वाट भरलेली असते. घोराडेश्वरला पायऱ्या आहेत, तिथं सायकल खाली लावून वर जा म्हणावं. आणि देहूरोडकडं लष्कराची पाटी दिसली की गुमान मागं फिरायचं.

कॅरिअर? अहो, डोंगरावर कुठं दळण घेऊन जायचंय त्याला! बरं, मडगार्ड बसवा, नाहीतर पाठीवरचा सगळा चिखल तुमच्याच वॉशिंग मशीनमध्ये. हेल्मेटचे पैसे मात्र सायकलीच्या पैशांतून आधी बाजूला काढा, नंतर उरत नाहीत.

रविवारी जाणार असाल तर ह्यांना न्या बरोबर. दुकानातली एकेक सीट दाबून बघतील, दुकानदार वैतागेल, पण भाव कमी करेल.