अँगलवाले भाऊ

फैजपुरात भाऊंचं फोटोचं दुकान आहे. पोट चालतं ते पासपोर्ट फोटोंवर. मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांना असं सरळ बसवलं, की संध्याकाळी भाऊ स्वतः वाकडे व्हायला मोकळे. मोटारसायकलला ट्रायपॉड बांधायचा, बामणोदवरून भुसावळचा रस्ता धरायचा आणि तापीच्या पुलावर अँगल शोधायचा.

हा पूल आम्ही जन्मापासून पाहतोय. रेल्वे गाठायची तर पूल, मोठा दवाखाना गाठायचा तरी पूल. "तुमी पूल पाह्यला भो, पुलाचा अँगल नाही पाह्यला," असं भाऊंनी सुनावलं म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. चुकलंच.

आधी त्यांनी पुलाखालच्या गाळात पाठ टेकली. मग माझ्या डब्याचं झाकण घेऊन त्यात पाणी ओतलं आणि त्यात पूल उलटा पकडला. (भाजी मी उघडीच धरून उभा.) रोडचेंको नावाच्या रशियन छायाचित्रकारानं 1928 साली लिहिलं होतं, की बेंबीच्या उंचीवरून फोटो काढणं सोडा. हे भाऊंच्या वाचनात आलं आणि तेव्हापासून ते जमिनीवर असतात नाहीतर झाडावर. बामणोदच्या वांग्यांचा हंगाम सुरू झाला, की त्यांचं पोटच असं पुढे येतं, की बेंबीवरून काढलेल्या फोटोत दुसरं काही मावणारही नाही.

हसलो, तर थेट 1936 वर आले. "आपल्या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तव्हा नंदलाल बोसांनी बांबूनं नगर सजवलं. बांबूत कला दिसते, मंग पिलरात काहून नाही?" फैजपुरात 1936 निघालं की वाद संपतो.

तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे सूर्य सरळ पात्रात उतरतो. भाऊ तासभर त्याची वाट पाहत बसले. सूर्य पाण्याला टेकला आणि पुलावर केळीचा ट्रक आडवा आला.

एकदा मात्र त्यांनी माझी बोलती बंद केली. पावसाळ्यानंतरचा फोटो होता. पिलरला दोन पुरुष उंचीवर अडकलेली वाळकी केळीची पानं, चिंध्या. खाली घोटाभर पाण्यात एक बाई धुणं धुतेय. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, सगळे मिळून 41, ही बातमी दरवर्षी वाचतो. नदी कुठवर येते, ते त्या चिंध्यांनी दाखवलं. इतकी वर्षं वरून गेलो, खाली मान घालून कधी पाहिलं नव्हतं.

हा फोटो भाऊंनी दुकानात दर्शनी लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, "यात पूल कुठी हाये?"

पुलाचा त्यांचा आजवर एकच फोटो विकला गेला, तो सूर्यास्ताचा. ट्रकमालकानं नेला. नंबर स्पष्ट आला होता.