फेस तर आला ना!

बेकिंग सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो. मोबाइलमधली ताई टाळ्या पिटत म्हणते, 'बघा, घाण कशी वर येतेय!'

घाण जागच्या जागी असते. वर येतो तो कार्बन डायऑक्साइड.

सोडा खार, व्हिनेगर आम्ल. दोघांची गाठ घालून दिली की दोघंही एकमेकांना गारद करतात आणि मागे उरतं पाणी नि सोडियम ॲसिटेट. हे ॲसिटेट वेफर्सना आंबट-खारट चव द्यायला वापरतात. म्हणजे सिंक स्वच्छ झालं की नाही ते माहीत नाही, रुचकर नक्की झालं.

बरं, दोघं वेगवेगळे कामाचे आहेत. दुधाचं पातेलं करपलं, तर त्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळा, थर सुटतो. बोअरच्या पाण्याने नळावर चढलेली पांढरी खपली व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं की सैल होते. लिंबूसत्त्वाचं पाणीही तेच काम करतं. पण यात फेसाचा तमाशा नाही. तमाशा नाही, तर व्हिडिओ कशाचा करणार?

आणि हे सगळं म्हणे 'केमिकल-फ्री'! सोड्याचा पुडा उलटा करून बघा. आपल्याकडचा बराचसा खाण्याचा सोडा गुजरातेत मिठापूरच्या रसायनांच्या कारखान्यात तयार होतो. किराणा दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' असं लिहिलेलं असतं. ते वाचायला चष्मा लागतो, आणि तो नेमका फॉरवर्ड वाचताना डोळ्यांवर असतो.

'नैसर्गिक आहे हो, काही होत नाही,' असं म्हणत व्हिनेगरने शहाबादी पुसणारेही पाहिले आहेत. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आम्लाचा थेंब पडला की तोही फसफसतो.

इथे मात्र खरंच काहीतरी निघत असतं. फरशी.

मग बायो-एन्झाइम. सध्या दर तिसऱ्या गॅलरीत एक गढूळ बाटली ऊन चुकवून बसलेली असते. कृती सोपी आहे : एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि नव्वद दिवस. सुरुवातीचा महिनाभर रोज झाकण उघडून गॅस सोडायचा, नाहीतर बाटली फुटते आणि पुसायला अख्खं स्वयंपाकघर मिळतं. तीन महिन्यांनी हाती येतं ते संत्र्याच्या वासाचं आंबट पाणी. ओटा, फरशी पुसायला ठीकच. साली कचऱ्यात गेल्या नाहीत, हेही खरं.

पण तेवढ्यावर कोण थांबतं? हेच पाणी ओटा पुसतं, नाला शुद्ध करतं, झाडं वाढवतं, झुरळं पळवतं, कुत्र्याला आंघोळ घालतं आणि ऐकाल तर ओझोनच्या थराचीही डागडुजी करतं. इतके गुण तर लग्नाच्या बायोडेटातही नसतात.

हिशेब? लिटरभर पाण्याला तीनशे ग्रॅम साली लागतात. तीनशे ग्रॅम सालींसाठी किलोभर संत्री खावी लागतात. फिनाईलच्या बाटलीचे पैसे वाचवायला फळवाल्याचं बिल वाढवायचं, ही काटकसर फळवाल्याला फार आवडते.

या सगळ्या मंडळींचं अखेरचं प्रमाण म्हणजे आजी. 'आमच्या आजीच्या घरात साबणच नव्हता!' अहो, लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी 1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरली होती. तुमची आजी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती मोठी झाली तोवर टाटांचा पाचशे एक बारही दुकानात आला होता. घरात साबण नसेल, तर त्याचं कारण पर्यावरण नसावं. आजोबांचा पगार असावा.

आजीला पैसे मिळाले असते, तर तिने पहिल्यांदा काय आणलं असतं? विचारलं कुणी?

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून-घासून जिची नखं काळी पडली, तिने पितांबरीचं पाकीट कसं हातात घेतलं असेल, याचा अंदाज बांधायला संशोधन लागत नाही.

राहता राहिली राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचा खार असतो, तो तेलकटपणा कापतो. शास्त्र चोख आहे. अडचण एवढीच, की राखेसाठी चूल लागते. चूल गेली, गॅस आला. मग राख कुठून आणायची? ऑनलाइन! पाव किलोचं सुबक पाकीट, त्यावर हिरवं पान आणि किंमत शे-दीडशे रुपये. घरपोच येते, फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

गावाकडे जी उकिरड्यावर फेकतात, ती शहरात कार्डावर मिळते.

'घरच्या घरी' चळवळीचा सगळ्यात मोठा विजय कोणता, ते मात्र कुणी सांगत नाही. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाचे गृहस्थ सरकारी नोकरी सांभाळून परसात धुण्याची पावडर कालवायचे आणि सायकलवरून दारोदार विकायचे. पावडरीला लेकीच्या लाडक्या नावावरून नाव दिलं निरमा. अस्सल घरगुती, अस्सल स्वस्त. फक्त ते केमिस्ट होते. आपण काय कालवतोय, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या पिवळ्या पावडरीने बड्या कंपनीला इतकं जेरीला आणलं, की टीव्हीवर तिच्या जाहिरातीत ललिताजी नावाच्या गृहिणी अवतरल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, भाजीवाल्याशी घासाघीस आणि महागडी पावडर घेणं हाच शहाणपणा असल्याचा उपदेश. काटकसरी बाईचा चेहरा लावून महाग माल विकण्याची युक्ती तेव्हापासून रूढ आहे. आता साडीच्या जागी लिननचा कुर्ता आलाय, एवढंच.

बचत गटाचं फिनाईल घ्या. 'ताई, घरी बनवलंय.' घरी म्हणजे काय? बाजारातून अर्काचा कॅन आणायचा, मापात पाणी घालायचं, ढवळायचं, जुन्या बाटल्यांत भरायचं. धुण्याच्या पावडरीचंही तेच : ॲसिड स्लरी आणि सोडा, हातात मोजे, नाकाला रुमाल. यात लबाडी काही नाही. उलट ही मंडळी निदान नफा मोजतात, लेबलवर आजीचा फोटो लावत नाहीत, आणि 'काय घातलंय' विचारलं तर सरळ सांगतात.

गंमत संपते ती एका ठिकाणी. 'दोन्ही चांगलं, मग एकत्र तर दुप्पट चांगलं' या हिशेबाने संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं, तर क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांवर सोडला होता. तुमचा संडास तर चार बाय चारचा आणि खिडकी वीतभर. तेव्हा प्रयोग लिंबाच्या सालींवरच करा, बाटल्यांच्या मिसळीवर नको.

खरी काटकसर कुठे असते, हे तसं सगळ्यांना माहीत आहे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणं. शाम्पूच्या बाटलीत शेवटी पाणी घालून हलवणं. बाबांच्या जाळी झालेल्या बनियनचं फडकं. पाकिटावर चमचाभर पावडर लिहिली असेल, तर अर्धा चमचा घालून बघणं, कारण कपडे बहुतेक वेळा तेवढ्यानेही निघतात. भांडी खरकटी वाळू न देता लगेच पाण्यात टाकणं. या सगळ्याला खर्च शून्य.

म्हणूनच त्याची कार्यशाळा होत नाही.

कार्यशाळा होते ती 'स्वावलंबी जीवनशैली'ची. रविवारी सकाळी, चहा-पोह्यांसह, शुल्क बाराशे. सोबत तपकिरी काचेच्या तीन स्प्रे-बाटल्या घेणं सक्तीचं. नारळाची शेंडी घरच्या नारळाची नाही चालत, 'कॉयर स्क्रबर'च लागतो. काटकसरीचं सामान इतकं महाग, की ती परवडायला आधी बरा पगार हवा. गाडगेबाबांनी अख्खी गावं झाडली ती एका खराट्याने. बरं झालं, त्यांना ही फी भरावी लागली नाही.

आता मुख्य प्रश्न. बाटली तुम्ही भरलीत, लेबल तुम्ही लावलंत, फोटो तुम्ही टाकलात. घासतं कोण?

ज्या घरात स्वावलंबन येतं, त्या घरात सकाळी नऊ वाजता बाई येते. काल सोसायटीच्या जिन्यात दोघी बोलत होत्या. पहिली म्हणाली, 'आमच्या वहिनींनी साबण बंद केला, राख दिलीये. कुकरचं बूड निघता निघत नाही, एका घराला पाऊण तास जातो, पुढच्या घरी बोलणी खाते.' दुसरीने तिचे तळवे उलटून पाहिले. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा होत्या. खार सोलतो तो कढईचं तेल आणि कातडी, दोन्ही. त्याला फरक कळत नाही.

साबणाची बचत वहिनींची, वेळ आणि कातडी बाईची. वहीत मात्र पहिल्याच रकमेची नोंद.

बाईने तोडगाही काढलाय म्हणा. बेसिनखाली जाळीच्या मागे दहा रुपयांची भांड्याच्या साबणाची वडी लपवलेली आहे. स्वतःच्या पैशाने आणलेली. वहिनी पाहुण्यांना चकचकीत कढई दाखवून सांगतात, 'बघा, नुसत्या राखेवर!'

गेल्या महिन्यात बाईने शंभर रुपये वाढवून मागितले. वहिनी म्हणाल्या, 'या महिन्यात नको गं, काचेच्या बरण्या मागवल्यात.'