प्युअर व्हेज जपान

ग्वाल्हेरात आता जपानी जेवण मिळतं. ही बातमी दाल बाजारात पोचली त्या दिवशी तुरीच्या भावात काही फरक पडला नाही. पल्लेदार गोण्या वाहत होते, गादीवरचे मुनीम वह्या भरत होते आणि आत शिरलेला टेम्पो नेहमीसारखा अर्ध्या वाटेत अडकून हॉर्न वाजवत होता. खळबळ उडाली ती वरच्या मजल्यांवर. खाली वडिलांची आढत आणि वर पोरांचं इन्स्टाग्राम, अशी इथल्या घरांची रचना असते. त्या पोरांनी सुशीचे फोटो पाहिले होते आणि त्या फोटोंत आपण नाही, हे दुःख त्यांना आतून खात होतं.

मला यात ओढलं गेलं ते खवय्या म्हणून. लष्करात माझी तशी ख्याती आहे. म्हणजे पंगतीत मला कुणी आग्रह करत नाही, गरज पडत नाही. शिवाय मी मराठी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचंच पुढे हे लष्कर झालं. आमची घराणी त्या छावणीच्या मागोमाग आली आणि परतायचं विसरली. पिढ्यान् पिढ्या इथे राहून रविवारी बेडई, थंडीत गजक आणि होळीला पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला परक्या अन्नाची भीती नसणार, असा शेजारच्या शेठजींचा समज. त्यांच्या चिरंजीवांनी टेबल राखून ठेवलं होतं. शेठजी म्हणाले, "भाऊसाहब, आप साथ चलिए. कुछ उल्टा-सीधा खिला दिया तो आप पहचान तो लेंगे."

हॉटेल शहराच्या नव्या भागात. पाटीवर लाल सूर्य, चेरीचा मोहोर, चीनहून उसना आणलेला ड्रॅगन आणि त्याखाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ‘१००% प्युअर व्हेज’. दारात किमोनोच्या जवळपास जाणारं काहीतरी घातलेला भिंडचा एक तरुण उभा होता. आम्हाला पाहून तो कमरेत वाकला आणि ‘इराश्शाईमासे!’ अशी आरोळी त्याने मंडीतल्या बोलीच्या पट्टीत ठोकली. शेठजींनी सवयीने विचारलं, "कितने में गया?"

शेफ जपानी आहे, अशी चिरंजीवांनी मित्रांना ग्वाही दिलेली. शेफ दार्जिलिंगचा निघाला. मोठा मोकळा माणूस. म्हणाला, टोकियो मीही तुमच्याइतकंच पाहिलं आहे; पण मैदानात उतरल्यापासून सगळे मला तिकडचाच समजतात, तर निदान पगार तरी तिकडच्या नावाचा घ्यावा. आम्ही त्याच्या चेहऱ्यावरून त्याचा देश ठरवला आणि त्याने आमच्या चेहऱ्यांवरून मेन्यू ठरवला. पनीर टिक्का सुशी, शेजवान रामेन, जैन तेरियाकी. आणि शेवटच्या पानावर, घाबरलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, दाल मखनी.

पहिल्यांदा एडामामे आले. एका वाटीत हिरव्या शेंगा, वर मीठ, किंमत तीनशे पंचाण्णव. शेठजींनी एक शेंग सोलली, दाणा तळहातावर घेतला, अंगठ्याने घोळवला, नखाने दाबून ओल पाहिली. बाजारात नमुना पाहतात तसाच. मग शांतपणे म्हणाले, "सोयाबीन है. कच्चा तोड़ा है." पाठोपाठ मिसो सूप आलं. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्यात तोफूचे चौकोन, तेही सोयाबीनचे. बाजूला सोया सॉस. शेठजींनी वेटरला बोलावून त्याच भावाने एका क्विंटलचा हिशेब करून दाखवला. पोरगा पुन्हा कमरेत वाकला. या वेळी खरोखर नमस्काराने.

इथे मला शेठजींची बाजू घेणं भाग आहे. मध्य प्रदेशाला सोयाबीनचं राज्य म्हणतात. माळव्यात साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हे पीक असं पसरलं की इंदूरला त्याची खास राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आणि एवढ्या सोयाबीनचं आम्ही काय करतो? तेल काढतो आणि पेंड कोंबड्यांना घालतो. माणसांच्या वाट्याला येते ती सोयाबीनची बडी, आणि तीसुद्धा भाजी संपलेली असेल त्या दिवशी. ज्या दाण्यावर जपानने अख्खं स्वयंपाकघर उभं केलं, तो आमच्याकडे कोंबड्यांचा चारा. आणि तोच दाणा मीठ लावून वाटीत आला की आम्ही आधी त्याचा फोटो काढतो.

वसाबीचंही तेच. खरी वसाबी थंड वाहत्या पाण्यात वाढणारी, नखरेल आणि महाग वनस्पती. तिचा कंद पानावर बसल्यावर किसायचा असतो. जगभरच्या बहुतेक हॉटेलांत त्या नावाने जो हिरवा गोळा मिळतो तो हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि रंग यांचा असतो. वसाबी, हॉर्सरॅडिश आणि मोहरी हे तिघेही एकाच कुळातले, नाकात जाणारा झणका तिघांचाही सारखाच. शेठजींच्या चिरंजीवांनी तो गोळा पुदिन्याची चटणी समजून सबंध तोंडात टाकला. त्यांचे डोळे वाहिले, नाक मोकळं झालं आणि त्यांनी रुमालाआडून "ऑथेंटिक!" असा अभिप्राय दिला. मोरेना-भिंडच्या शेतांतून सरसूच्या घाण्यांची वस्ती पार करत ग्वाल्हेरात येणाऱ्या माणसाला हा अनुभव फुकट मिळतो, पण त्याला तारे देता येत नाहीत.

मग सुशी आली. पाटीवर आठ तुकडे, प्रत्येकात पनीर, वर मेयोनीजची नक्षी. आता सुशीचा पूर्वेतिहास असा की ती मुळात मासा टिकवण्याची युक्ती होती. मासा मिठात आणि शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा. भात आंबतो, मासा टिकतो. खाताना भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराच्या काठी ही जुनी पद्धत अजून चालते. म्हणजे जपानने सुरुवात केली ती भात टाकून मासा खाण्यापासून, मधल्या काळात तो दोन्ही खाऊ लागला, आणि मासा टाकून भात खाण्याची शेवटची पायरी ग्वाल्हेरने गाठली. संशोधन पूर्ण झालं, असं टोकियोला कळवायला हरकत नाही.

भातही धड नव्हता. सुशीला आखूड, चिकट दाणा लागतो. आमच्या बाजारात अभिमान आहे तो लांब दाण्याच्या, फडफडीत, लग्नातल्या पुलावाच्या बासमतीचा. तो वळतच नाही. शेफ बिचारा त्याला मेयोनीजने चिकटवत होता. मी त्याला इंद्रायणीचं नाव सुचवलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये काढलेला हा तांदूळ आंबेमोहोराचा वंशज. तो शिजला की एकमेकांना असा धरून बसतो की मराठी संस्थांच्या कार्यकारिणीला नमुना म्हणून दाखवावा. पुण्याहून येणारे पाहुणे आम्हाला तो पिशवीतून आणतात. शेफने नाव लिहून घेतलं. मालकाने किंमत विचारली आणि कागद खिशात टाकला.

सूपाबद्दल मी एक नाजूक प्रश्न केला. मिसो सूपचा पाया म्हणजे दाशी, आणि रोजच्या जपानी घरात दाशी होते ती धुरी देऊन सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांतून. मग इथे? वेटरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "सर, बेफिकर रहिए, मैगी मसाला है." गंमत म्हणजे जपानात संपूर्ण शाकाहारी परंपरा आहे. झेन मठांतल्या शोजिन जेवणात मासा नाही, मांस नाही, आणि कांदा-लसूणही नाही. कोंबू नावाचं समुद्रशेवाळ आणि वाळवलेली शिताके अळिंबी यांवर सगळी चव. आमच्या सराफ्यातल्या कुठल्याही आजीबाईंनी डोळे मिटून पानावर बसावं असं ते सोवळं आहे. पण ते कुणी आणत नाही. कारण ते दिसतं साधं, थोडं, उकडलेलं. आणि तसं खायला घरी आजारी पडावं लागतं, एवढे पैसे मोजावे लागत नाहीत.

खरा जपान लष्करात केव्हाच आलेला आहे. तो संध्याकाळी हातगाडीवर उभा असतो आणि स्वतःला चायनीज म्हणवतो. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबूच्या काढ्यातली चव वेगळी काढून तिचे स्फटिक केले; पुढच्याच वर्षी ते आजिनोमोटो या नावाने बाजारात आले. आज दाल बाजाराच्या किराणा दुकानांत ती पांढरी पूड पाव किलो, अर्धा किलो तोलून मिळते आणि गाडीवाला ती मंच्युरियनवर सढळ हाताने भुरभुरवतो. चिरंजीव तिथे खाताना बजावतात, "भैया, अजीनोमोटो मत डालना, नुकसान करता है." आणि मग जपानी चव शोधायला मोटार काढून गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात.

हॉटेलात एक फिरता पट्टाही होता, त्यावरून बशा पुढे सरकायच्या. तो त्या रात्री बंद होता. पट्ट्यावर हेल्मेटं ठेवली होती. हा पट्टा ओसाकाच्या बाजूला १९५८ मध्ये योशियाकी शिराइशी यांनी आणला, बिअरच्या कारखान्यात सरकणाऱ्या बाटल्या पाहून. मालक मोठ्या कौतुकाने सांगत होते. मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे जयविलास राजवाड्यात जायचं सुचवलं. तिथे भोजनाच्या लांबलचक मेजावर रूळ आहेत आणि त्यांवरून धावणारी चांदीची आगगाडी आहे. डब्यांवर शिंद्यांच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. पाहुण्यासमोर येऊन बाटली उचलली की गाडी थांबायची, ठेवली की पुढे निघायची. ही हौस माधवराव महाराजांची, आणि महाराज १९२५ मध्ये गेले. म्हणजे ओसाकाच्या निदान तेहतीस वर्षं आधी ग्वाल्हेरात अन्न स्वतः चालत पाहुण्यापर्यंत येत होतं. फक्त ते आमच्यापर्यंत कधी आलं नाही; पूर्वजांना त्या गाडीचं तिकीट नव्हतं.

अर्थात जपानने तरी आपल्याशी काय वेगळं केलंय? तिथली राष्ट्रीय म्हणावी इतकी लाडकी ‘करी’ मेजी काळात इंग्रजांच्या हातून पोचली: मैद्याने दाट केलेली, गोडसर. क्रांतिकारक रासबिहारी बोस तिथे आश्रयाला होते. त्यांनी १९२७ मध्ये सासुरवाडीच्या नाकामुराया या दुकानातून खरी हिंदुस्थानी करी विकायला लावली. लोकांनी ती आवडीने खाल्ली आणि घरी मात्र पुन्हा गोडसरच केली. पुढे तर सफरचंद-मधाच्या वड्या निघाल्या. आता त्यांची करीची साखळी गुरुग्रामला दुकान मांडून बसली आहे. माझा पुतण्या तिथेच नोकरीला आहे. तो हजारभर रुपये देऊन करी-भात खाऊन आला आणि फोनवर आईला सांगत होता, "अगं, अगदी वेगळीच चव. बटाट्याचा रस्सा आपण करतो ना, त्यात साखर जास्त पडल्यासारखी." वहिनींनी दिल्लीहून परतीच्या गाडीची वेळ विचारली.

तर शेवटी गोड. दोरायाकी नावाचे दोन लहान जाड घावन, मध्ये अझुकीचा गोळा. अझुकी म्हणजे मूग, उडीद, चवळी यांचं चुलत भावंड असलेलं लाल कडधान्य. ते शिजवायचं, साखर घालून आटवायचं आणि हवं तर चाळणीतून काढून मऊ करायचं. मी एक घास घेतला आणि आपोआप पानात तुपाची वाटी शोधू लागलो. ते पुरण होतं. वेलदोडा विसरलेलं, जायफळ न लागलेलं, पण पुरणच. शेठजींनी दुसरी दोरायाकी उघडली, आतला गोळा बोटाने उकलून दिव्याखाली पाहिला आणि त्या संध्याकाळी प्रथमच त्यांचा चेहरा उजळला. "दाल है," ते म्हणाले. "मीठी दाल. और रेट देखिए."

नंतर ते बोलले नाहीत. बिल आलं, त्यावर पाच टक्के जीएसटी होता, वर सेवाशुल्क होतं. एरवी शेठजींनी यावर तासभर घेतला असता. त्यांनी गुपचूप पैसे दिले. विचार चालू असल्याचं ते लक्षण.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात. दाल बाजारातलं त्यांचं एक गोदाम रिकामं होतंय. दोन कंदील, एक फुजी पर्वत, दारात तोच भिंडचा पोरगा. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. चणाडाळ स्वतःच्या आढतीतून, गूळ कोल्हापूरहून. पदार्थ एकच, वहिनींच्या हातचा, मेन्यूवर नाव ‘क्योटो गोल्डन पॅनकेक’, दोन नगांचे तीनशे साठ. लष्करात एवढी मराठी घरं असून पुरणपोळीसाठी होळीची किंवा कुणाच्या मुंजीची वाट पाहावी लागते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ‘मराठी’ म्हटलं तर लोक साठ रुपयेही देणार नाहीत, हेही.

वहिनी कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मग पदराने कपाळ टिपून एवढंच विचारलं, "ते जपानी लोक तूप वरून घेतात की वाटीत वेगळं द्यायचं? वेगळं द्यायचं असेल तर त्याचे पैसे निराळे लावा, भाईसाहब."